पहिली अट

४ मार्च, मंगळवार

आज एका बैठकीत बावीस केस उरकल्या. पाठ पार कामातून गेली! समितीला वाटतं, निवृत्त बाई आहे, घरी रिकामीच असेल, बसेल चष्मा लावून. बसलेच की!

काम दिसायला सोपं. इस्पितळांच्या जुन्या फायलींतून डोळ्यांच्या दुर्मीळ सुजेच्या केस काढल्यात. नाव नाही, पत्ता नाही, नुसता क्रमांक. आम्ही डोळ्यांचे नऊ डॉक्टर, नऊ ठिकाणी बसलेले. प्रत्येकाने कागद वाचायचा आणि सांगायचं, हा तोच रोग आहे की नाही. नऊपैकी सात जणांचं जमलं की केस पक्की. मग या पक्क्या केसवरून निकष ठरणार, आणि पुढे कुठलाही डॉक्टर ते निकष लावून पेशंटला सांगणार, तुम्हाला हे झालंय.

रोगाला तीन डॉक्टरांची नावं जोडलेली आहेत. म्हणताना जीभ अडखळते, म्हणून मी नुसतं 'तिघांचा रोग' म्हणते. अटी पाच. पहिली — आधी डोळ्याला आरपार इजा झालेली नको, ऑपरेशन नको. दुसरी — दुसऱ्या कुठल्या रोगाची खूण नको. तिसरी — दोन्ही डोळे सुजलेले हवेत. चौथी — कानात आवाज, मान आखडणं, असलं काहीतरी. पाचवी — पापण्या पांढऱ्या, कातडीवर डाग.

चहा झाला की खटपट्याला मोठ्याने वाचून दाखवते. माझा धाकटा भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा, सतत काहीतरी उघडून बसलेला, म्हणून लहानपणापासून खटपट्या. एकोणीस वर्षांपूर्वी याच रोगाने त्याचे डोळे गेले, तेव्हापासून माझ्याकडे असतो. उजव्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. डावा तर सुकूनच गेलाय. पण केस ऐकताना असा सरसावून बसतो की विचारू नका! "आहे!" नाहीतर "नाही!" — लगेच निकाल. म्हणे माझं मत दहावं.

आज मला पकडलंन. १८८ला मी 'आहे' म्हणणार, तेवढ्यात म्हणाला, "ताई, याला आधी तार घुसली होती ना डोळ्यात? मग पहिल्या अटीलाच उडाला की!" होतं खरंच. वाचलं होतं आणि डोक्यात शिरलंच नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

खटपट्याच्या डोळ्यात थेंब. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. त्याचं ठरलेलं वाक्य — "डॉक्टरीणबाई, हात हलला!" माझा हात हलत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

७ मार्च, शुक्रवार

केस २३१.

पुरुष, वय चाळीस. व्यवसाय — बारीक यंत्रकाम. डावा डोळा आधी लाल, मग उजवाही धूसर. कानात आवाज, आणि पुढे कुणा शिकाऊ डॉक्टरने पेशंटचेच शब्द उतरवलेत — 'टोला वाजून गेल्यावर मागे राहतो तसा'. डाव्या पापणीचे चार केस पांढरे.

इजा — नाही. शस्त्रक्रिया — नाही. कंसात, आधार — पाठवणाऱ्या डॉक्टरांचे पत्र.

ते पत्र माझं आहे.

खटपट्या समोर बसलेला, कान टवकारून. "पुढची?" म्हणाला. घसा बसलाय म्हटलं आणि उठले. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले.

८ मार्च, शनिवार

लिहूनच टाकते. एकोणीस वर्षांत कुठे लिहिलं नाही, कुणाजवळ बोलले नाही.

रविवार होता. दवाखाना बंद. खटपट्या डावा डोळा तळहाताने झाकून दारात उभा. भिंतीवरच्या एका मोठ्या घड्याळाची स्प्रिंग हातातून सुटली, टोक तुटून उडालं. मी म्हटलं, मोठ्या इस्पितळात जा. "छे! तिथे अख्खा दिवस मोडेल. आणि तुझ्याशिवाय कुणाला मी डोळ्याला हात लावू देणार नाही. तू काढ." हट्टालाच पेटला. आणि मला, खरं लिहायचं तर, बरं वाटलं. नाव झालं होतं. लांबलांबून लोक यायचे. चढली होती मला!

वरची पापणी उलटली. पांढऱ्या भागात केसाएवढं टोक रुतलं होतं. चिमट्याने काढलं. सुरेख निघालं. आणि मागोमाग त्या भोकातून एक काळा ठिपका वर आला. टाचणीच्या डोक्याएवढाही नाही. तो ठिपका म्हणजे डोळ्याचा आतला पडदा. म्हणजे जखम आरपार.

तेव्हाच त्याला गाडीत घालून न्यायला हवं होतं. मी तो ठिपका आत सारला, वर एक बारीक टाका घातला आणि पापणी खाली सोडली. सगळं झाकलं गेलं.

"काय होतं ग?"

"कचरा," मी म्हटलं. "आणि गावभर सांगत सुटू नकोस. नाहीतर सगळेच रविवारी यायला लागतील." तो हसला. कागद केला नाही. टाका आठव्या दिवशी मीच काढला.

सातव्या आठवड्यात म्हणाला, उजव्याने काटे दिसत नाहीत, आकडे हलतात. उजव्याने! त्याला तर काही झालंच नव्हतं. मला त्या क्षणी कळलं. पुस्तकात त्याचं वेगळं पान आहे — एका डोळ्याला आरपार जखम होते आणि काही आठवड्यांनी दुसरा धडधाकट डोळाही पेटतो. नाव काय ठेवलंय, तर सहानुभूतीचा दाह. सहानुभूती म्हणे! ज्याने हे नाव ठेवलं त्याला समोर बसवून चार शब्द सुनवावेसे वाटतात.

बाकी सगळं तिघांच्या रोगासारखंच. तशीच सूज, कधी तसेच कान, तशाच पांढऱ्या पापण्या. फरक एका ओळीचा. पहिल्या अटीचा.

मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहायला बसले. 'पूर्वी इजा वा शस्त्रक्रिया नाही.' हात हलला नाही. अक्षरही चांगलं आलं होतं. त्यांनी पत्रावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? सख्खी बहीण, वर डोळ्यांची डॉक्टर. त्यालाही विचारलं असणार. तो म्हणाला असेल, नाही. कचऱ्याला कोण इजा म्हणतं?

मी स्वतःची समजूत घातली — गोळ्या त्याच, मग नावाने काय फरक पडतो? पडला. तिघांच्या रोगाच्या हिशेबाने त्यांनी गोळ्या सहा महिन्यांत उतरवत आणून थांबवल्या. सूज दुपटीने उलटली. खरं माहीत असतं तर इतक्या लवकर थांबवायला कुणी धजलं नसतं. डावा काढून उजवा वाचवायचा का, हा विचार तरी झाला असता.

चार पानं झाली. हात दुखतोय. बरं झालं, दुखू दे.

१० मार्च, सोमवार

"दोनशे तीसनंतर एकदम दोनशे बत्तीस कशी ग?"

मेला मोजतोय! डोळे गेले पण आकडा चुकवील तर शपथ. म्हटलं, कागद नीट उमटला नाहीये, दुसरा मागवलाय. "बरं," म्हणाला. पण नंतरच्या एकाही केसला 'आहे-नाही' केलं नाही.

११ मार्च, मंगळवार

समन्वयक बाईंचा फोन. तरुण आहे, लाघवी बोलते. "मॅडम, सांगू नये खरं तर, पण दोनशे एकतीसवर तुमचंच मत राहिलंय. सहा 'आहे', दोन 'नाही'. तुमच्यावर अडलंय. फार छान केस आहे हो, पाचही अटी बसतात. अशी मिळत नाही सहसा."

छान केस!

एक 'आहे' म्हटलं की माझं पत्र निकषांत जाऊन बसणार. उद्या कुणाचीतरी नजर त्याच मापाने मोजली जाईल.

१२ मार्च, बुधवार

आज त्याने सोडलंच नाही. "आला का दुसरा कागद?" मी वाचायला घेतलं. का, ते सांगता येत नाही. कदाचित थकले म्हणून.

'टोला वाजून गेल्यावर मागे राहतो तसा' आलं आणि तो उडालाच. "अगं, हे मी म्हटलं होतं! हा मी आहे! ताई, हा मी!" टाळ्या काय वाजवल्या! नऊ डॉक्टर आपल्यावर मतं देतायत म्हणून छाती फुगली. "सगळ्यांनी 'आहे' म्हटलं असेल, नाही? अस्सल केस आहे मी. वाच, पहिल्यापासून वाच."

वाचलं. इजा — नाही.

भुवया वर गेल्या, पूर्वी घड्याळ कानाला लावल्यावर जायच्या तशा. "पण तू एकदा कचरा काढला होतास ना? टाकापण घातला होतास. ते धरत नाहीत का ग?"

सरळ विचारलं होतं. काही डाव नव्हता त्यात. त्याला आपला कागद बिनचूक हवा होता, एवढंच.

"नाही," मी म्हटलं. "ते धरत नाहीत."

सहासष्ट वर्षांची बाई मी! दोनदा तेच!

१३ मार्च, गुरुवार

मत दिलं नाही. जेवले नाही.

१५ मार्च, शनिवार

सांगितलं.

सकाळचे थेंब घालायच्या आधी सांगितलं, नाहीतर पुन्हा राहून गेलं असतं. तो मान मागे टाकून बसला होता. मी बाटली हातात धरून उभी. म्हटलं, तो कचरा नव्हता. मग काळा ठिपका सांगितला. मग दुसरा रोग सांगितला, त्याचं नाव, पहिली अट. मग पत्र.

त्याचं तोंड तसंच वर, छताकडे. शेवटी मान सरळ केली आणि म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"उजवा धूसर झाला म्हणालास तेव्हाच."

"पत्र लिहिण्याआधी?"

"आधी."

उठला आणि भिंत धरत आपल्या खोलीत गेला. एरवी घरात भिंत धरत नाही. पावलं मोजलेली आहेत त्याची.

मी रडले. पण माझ्या रडण्याचं काय घेऊन बसायचं?

१६ मार्च, रविवार

थेंब त्याने स्वतः घातले. आरशापुढे उभा राहून! सवयीने उभा राहिला असेल. चारपाच गालावर, एखादा डोळ्यात.

मी दारात उभी होते. त्याला कळलंच असणार.

१८ मार्च, मंगळवार

तीन दिवस 'हो', 'नको', 'झालं' एवढंच. रेडिओसुद्धा लावत नाही. मी पोळी वाढते, तो खातो, ताट स्वतः उचलून ठेवतो. याच्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर जीव सुटला असता.

आज जेवताना अचानक म्हणाला, "खरं काय ते सांग. डावा तेव्हाच काढला असता, गोळ्या थांबवल्या नसत्या, तर उजवा राहिला असता?"

हो म्हटलं असतं तर तो जन्मभर जळला असता. नाही म्हटलं असतं तर मी सुटले असते. दोन्ही खोटं झालं असतं. म्हटलं, "नक्की कुणालाच सांगता येत नाही. काहींचा राहतो. तुझा राहण्याची संधी होती."

"किती?"

"बऱ्यापैकी."

तो पाणी प्यायला. ग्लास ठेवताना टेबलाची कड चाचपली. एकोणीस वर्षं तो तिथेच ग्लास ठेवतोय, कधी चाचपत नाही. मग म्हणाला, "शेवटचं काय दुरुस्त केलं होतं माहितीये? शाळेतलं घड्याळ. चार मिनिटं मागे पडायचं. झाकण लावलं तेव्हा ते नीट चालत होतं. मी बघितलं होतं."

आणि आपला भात खात राहिला.

२० मार्च, गुरुवार

संध्याकाळी पडवीत बसला होता. मी जवळ जाऊन बसले. उठून गेला नाही. मग बोलला, आवाज चढवून नाही, एखाद्या गिऱ्हाइकाला घड्याळात काय बिघडलंय ते सांगावं तसा.

"स्प्रिंग माझ्या हातून सुटली. ती सुटतेच कधी कधी. टाका तू घातलास, घाबरलीस, तेही मला समजतं. तुझ्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो. पण पत्र, ताई, तू टेबलाशी बसून लिहिलंस. पेनाचं टोपण काढून."



"आणि मी बावळट," म्हणाला, "परवा टाळ्या वाजवल्या."

ते ऐकवलं नाही मला.

२२ मार्च, शनिवार

समन्वयक बाईंना फोन केला. केस २३१ मधली पहिली नोंद खोटी आहे. पेशंट माझा भाऊ. पत्र लिहिणारी डॉक्टर मी. समितीतून माझं नाव काढा. एका दमात सांगून टाकलं, मध्ये थांबले असते तर थांबलेच असते.

मग ती लाघवी आवाज पार बदलून म्हणाली, "मॅडम, नुसत्या तुमच्या सांगण्यावरून नोंद बदलता येणार नाही. पेशंटचा जबाब लागेल. सहीसकट. फॉर्म पाठवते." शेवटी "काळजी घ्या" म्हणाली. कशाची, ते तिलाही माहीत नसावं.

बाकीच्या केस परत पाठवल्या. टेबल मोकळं झालं. चहाच्या वेळी दोघंही आपापल्या खुर्चीत येऊन बसलो, सवयीने, आणि वाचायला काही नव्हतं.

२३ मार्च, रविवार

फॉर्म आला. त्याला सांगितलं. "उद्या बघू," म्हणाला.

थेंब — आज दोन डोळ्यात पडले.

२४ मार्च, सोमवार

"मी सांगतो, तू लिही," म्हणाला. लिहिलं.

इजा — होय. कशाने — माझ्या हातून सुटलेल्या स्प्रिंगने. उपचार — एक टाका. कोणी केला — माझ्या ताईने. मोठ्या इस्पितळात का नेले नाही — मी हट्ट धरला म्हणून.

म्हटलं, शेवटचं नको लिहूया. "खरंच आहे ते. आता कागद बिनचूक होऊ दे."

मग विचारलं, "पत्रासाठी रकाना आहे?"

"नाही."

"मग तेवढं राहिलं आपल्या दोघांत."

पेन मागून घेतलं, सही केली. ओळ सोडून गेली, पण वळण तेच जुनं. मग डोकं मागे टाकून बसला. मी बाटली उचलली. आवाजावरून कळलं त्याला. हात पुढे केला आणि बाटली माझ्याकडून काढून घेतली.

"असू दे, ताई," म्हणाला. "मला जमायला लागलंय."